गेमिंग सेटअपचे छायाचित्र कसे वाचावे?

अंधारी खोली, भिंतीवर जांभळा-निळा उजेड, काचेच्या कॅबिनेटमध्ये फिरणारे रंगीत पंखे, टेबलभर पसरलेला वक्र मॉनिटर आणि त्याच्यापुढे एकही वायर न दिसणारा कीबोर्ड. घरातल्या संगणकाची आणि गेमिंगच्या टेबलाची अशी छायाचित्रे आता इतकी दिसतात की त्यांचा एक साचाच तयार झाला आहे. हौशी मंडळी या मांडणीला ‘सेटअप’ किंवा ‘बॅटलस्टेशन’ म्हणतात. छायाचित्राखाली बहुधा एक यादी असते: प्रोसेसरचा क्रमांक, ग्राफिक्स कार्डाचे नाव, ३२ जीबी रॅम, १४४०पी, २४० हर्ट्झ, ‘८० प्लस गोल्ड’. ज्याला या विषयाची सवय नाही त्याला छायाचित्र कळते, यादी कळत नाही. म्हणून तो उजेडावरूनच सेटअपची पारख करतो. प्रत्यक्ष खेळताना हाताला आणि डोळ्याला जे जाणवते त्याचा संबंध मात्र त्या यादीशी असतो, आणि बऱ्याचदा यादीतही न लिहिलेल्या गोष्टींशी असतो. यादी वाचता यावी आणि तिच्यात जे नाही ते विचारता यावे, एवढ्यासाठी हा लेख.

यादीतले सुटे भाग एकाच वाटेवर आहेत

आपण माउसचे बटण दाबतो आणि पडद्यावर काहीतरी घडते. या दोन घटनांच्या मध्ये जो प्रवास होतो त्यावरचे मुक्काम म्हणजे ती यादी. माउस आपली हालचाल यूएसबीमार्गे संगणकाला कळवतो. प्रोसेसर, म्हणजे संगणकातील सर्व प्रकारचे हिशेब करणारी मुख्य चिप, त्या हालचालीचा गेमच्या जगात काय परिणाम झाला ते ठरवतो: गोळी कुठे लागली, शत्रू कुठे सरकला, दार उघडले की नाही. मग ते दृश्य रेखाटण्याचा हुकूम ग्राफिक्स कार्डाला जातो. या कार्डावर हजारो लहान गणकघटक एकाच वेळी काम करतात, कारण चित्रातल्या ठिपक्यांचे रंग बऱ्याच अंशी परस्परांची वाट न पाहता काढता येतात. तयार झालेल्या एका संपूर्ण स्थिरचित्राला ‘फ्रेम’ म्हणतात. ती फ्रेम केबलमधून मॉनिटरकडे जाते, मॉनिटर आपले ठिपके बदलतो आणि मग आपल्याला बदल दिसतो. रॅम आणि एसएसडी या वाटेच्या कडेला उभ्या असतात. प्रोसेसरला क्षणोक्षणी लागणारी माहिती रॅममध्ये हाताशी असते आणि गेमच्या फायली एसएसडीवर साठवलेल्या असतात. त्यामुळे वेगवान एसएसडीने गेम लवकर उघडतो, पण एकदा उघडल्यावर फ्रेमची संख्या तिच्यामुळे सहसा वाढत नाही.

बांधकामावर स्लॅब टाकताना माणसांची रांग लागते आणि घमेली हातोहात वर जातात. रांगेतला एक जण मंद असला तर बाकीच्यांनी कितीही चपळाई केली तरी वर पोचणारी घमेली त्याच्याच वेगाने पोचतात. त्याच्या आधी माल साचतो आणि त्याच्या पुढचे हात रिकामे राहतात. सेटअपमध्येही हेच घडते. या मंद दुव्याला हौशी भाषेत ‘बॉटलनेक’ म्हणतात. तो कोणता, हे ओळखण्याची एक सोपी चाचणी आहे. गेममधील रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातील ठिपक्यांची संख्या, तात्पुरती कमी करावी. दर सेकंदाच्या फ्रेम लक्षणीय वाढल्या तर ग्राफिक्स कार्ड दमलेले होते. फ्रेम तेवढ्याच राहिल्या तर अडथळा बहुधा प्रोसेसरपाशी आहे, आणि मग आणखी मोठे कार्ड बसवून त्या गेममध्ये फारसा फरक पडणार नाही.

साचलेल्या मालाचा आणखी एक परिणाम आहे, जो आकड्यांमध्ये दिसत नाही. ग्राफिक्स कार्ड पूर्ण क्षमतेने चालत असताना प्रोसेसरने आधीच पुढच्या फ्रेमची कामे त्याच्यापुढे रचून ठेवलेली असू शकतात. अशा वेळी पडद्यावर दिसणारी फ्रेम आपल्या थोड्या जुन्या हालचालीवर आधारलेली असते. चित्र गुळगुळीत दिसते, तरी माउस किंचित जड झाल्यासारखा वाटतो. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया या कंपनीने २०२० मध्ये आणलेले ‘रिफ्लेक्स’ हे तंत्र ही रांग छोटी ठेवण्यासाठीच आहे. ज्या गेममध्ये ते नसेल तिथे फ्रेमच्या संख्येवर कार्डाला सहज झेपेल अशी मर्यादा घातली तरी बराच फरक पडतो.

हर्ट्झ आणि फ्रेम एकच आहेत का?

नाहीत, आणि ही गल्लत सर्वांत जास्त होते. संगणक दर सेकंदाला किती फ्रेम तयार करतो हा एक आकडा, आणि मॉनिटर दर सेकंदाला किती वेळा चित्र बदलू शकतो हा दुसरा. दुसऱ्याला ‘रिफ्रेश रेट’ म्हणतात व तो हर्ट्झमध्ये मोजतात. संगणक २०० फ्रेम काढत असेल आणि मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल, तर पडद्यावर सेकंदाला ६० वेळाच बदल होतो. उलट मॉनिटर २४० हर्ट्झचा असून संगणक जेमतेम ७० फ्रेम काढत असेल, तर मॉनिटरची बरीचशी ताकद नुसती बसून राहते.

हर्ट्झच्या आकड्यांपेक्षा वेळ पाहिली की चित्र स्पष्ट होते. ६० हर्ट्झला दर १६.७ मिलिसेकंदांनी नवे चित्र येते, १४४ हर्ट्झला ६.९ मिलिसेकंदांनी, २४० हर्ट्झला ४.२ आणि ३६० हर्ट्झला २.८ मिलिसेकंदांनी. म्हणजे ६० वरून १४४ वर गेल्यावर जवळपास १० मिलिसेकंद वाचतात, तर २४० वरून ३६० वर गेल्यावर दीड मिलिसेकंदही वाचत नाही. पहिली उडी जवळजवळ प्रत्येकाला जाणवते. शेवटची उडी स्पर्धात्मक खेळाडूंच्या कामाची असू शकते, पण छायाचित्राखालच्या यादीत तिला जे मानाचे स्थान मिळते ते इतरांच्या बाबतीत अवाजवी आहे.

फ्रेम तयार होण्याची आणि मॉनिटर बदलण्याची वेळ जुळली नाही, तर पडद्याच्या वरच्या भागात जुने आणि खालच्या भागात नवे चित्र दिसून मधोमध फाटल्यासारखी रेघ येते. यावरचा उपाय म्हणजे मॉनिटरने फ्रेम येईपर्यंत थांबणे आणि ती आली की लगेच बदलणे. एनव्हिडियाने २०१३ मध्ये ‘जी-सिंक’ या नावाने हे तंत्र जाहीर केले. पुढच्याच वर्षी मॉनिटरची मानके ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेने ‘अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक’ हे खुले मानक आणले, आणि एनव्हिडियाची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडी हिचे ‘फ्रीसिंक’ त्यावर उभे राहिले. यादीत यांपैकी एखादा शब्द असणे हे नुसत्या मोठ्या हर्ट्झपेक्षा अधिक भरवशाचे लक्षण आहे, कारण फ्रेमची संख्या प्रत्येक गेममध्ये खालीवर होतच असते.

‘पण डोळ्याला ६० च्या पुढे दिसतच नाही ना?’

हा आक्षेप जुना आहे आणि चुकीच्या प्रश्नावर उभा आहे. डोळा कॅमेऱ्यासारखा ठरावीक संख्येने चित्रे टिपत नाही, त्यामुळे ‘डोळ्याचे हर्ट्झ’ असा एक आकडा सांगता येत नाही. शिवाय रिफ्रेश रेटचा मुख्य फायदा चित्रांची संख्या मोजता येण्यात नसून हलत्या वस्तूचा धूसरपणा कमी होण्यात आहे. आजचे बहुतेक मॉनिटर एक चित्र दुसरे येईपर्यंत तसेच धरून ठेवतात. आपली नजर मात्र हलत्या वस्तूमागे सलग सरकत असते, त्यामुळे थांबलेले चित्र सरकत्या नजरेवर पसरते. एखादी वस्तू सेकंदाला ९६० पिक्सेल या वेगाने सरकत असेल, तर ६० हर्ट्झला ती सुमारे १६ पिक्सेल पसरलेली भासते, १२० हर्ट्झला ८ आणि २४० हर्ट्झला ४. मजकुराचे पान भराभर वर सरकवताना अक्षरे वाचता येतात की नाही, यावरूनही हा फरक पाहता येतो. त्यासाठी गेमची गरज नाही.

माणसाला डोळ्याने पाहून बटण दाबायला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. मग १० मिलिसेकंदांचे कौतुक कशाला, असाही प्रश्न येतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. प्रतिक्रियेचा वेळ दोन्ही खेळाडूंना लागतो. उपकरणाचा विलंब त्यात वरून मिळवला जातो. शिवाय नेम धरताना हात सतत चालू असतो आणि पडद्यावरचे चित्र हाताच्या किती मागे आहे, हे प्रतिक्रियेच्या वेळेपेक्षा कितीतरी लहान अंतरातही जाणवते.

मॉनिटरच्या खोक्यावरचा ‘१ मिलिसेकंद’ हा आकडा मात्र वेगळाच आहे. तो एका ठिपक्याला एका करड्या छटेवरून दुसऱ्या छटेवर जायला लागणारा वेळ असतो, आणि एलसीडी मॉनिटरच्या बाबतीत तो बहुधा सर्वांत अनुकूल स्थितीतला असतो. तो गाठण्यासाठी ठिपक्यांवर जास्त जोर लावला की हलत्या वस्तूमागे उजळ सावली उमटते. ओएलईडी पडद्यांवर, जिथे प्रत्येक ठिपका स्वतःच प्रकाश देतो, ठिपके मुळातच फार झपाट्याने बदलतात, म्हणून तिथे ही कसरत लागत नाही. त्यांचा दोष असा की एकाच जागी तासन्‌तास राहणारे चित्र, उदाहरणार्थ खालची पट्टी किंवा गेममधला नकाशा, कायमचा ठसा सोडू शकते.

ठिपक्यांचे ओझे

१०८०पी म्हणजे १९२० गुणिले १०८०, सुमारे २०.७ लाख पिक्सेल. १४४०पी म्हणजे सुमारे ३६.९ लाख. ४के म्हणजे सुमारे ८२.९ लाख, १०८०पीच्या बरोबर चौपट. प्रत्येक फ्रेममध्ये एवढ्या ठिपक्यांचा रंग काढायचा असतो आणि हे ओझे प्रामुख्याने ग्राफिक्स कार्डावर पडते. म्हणून ‘४के, २४० हर्ट्झ’ असा मॉनिटर आणि मध्यम ताकदीचे कार्ड अशी जोडी यादीत दिसली, तर त्या मॉनिटरवर अवजड गेम २४० च्या आसपासही फिरकत नसणार, हे ओळखावे.

ठिपक्यांची संख्या पडद्याच्या आकाराशिवाय निरर्थक आहे. २४ इंची पडद्यावर १०८०पीला दर इंचाला सुमारे ९२ ठिपके येतात, २७ इंचावर १४४०पीला सुमारे १०९ आणि त्याच २७ इंचावर ४केला सुमारे १६३. हातभर अंतरावर बसून गेम खेळणाऱ्यासाठी मधली जोडी समतोल ठरते, असे माझे मत आहे. ज्याला दिवसभर मजकूर वाचायचा आहे किंवा छायाचित्रांवर काम करायचे आहे त्याने ४केला पसंती दिली तर ते योग्यच होईल.

कमी ठिपक्यांवर चित्र काढून ते मोठे करण्याची तंत्रे आता सर्रास वापरली जातात. एनव्हिडियाचे डीएलएसएस आणि एएमडीचे एफएसआर ही त्यांतली परिचित नावे. त्यांच्याच नावाखाली येणारे ‘फ्रेम जनरेशन’ हे मात्र निराळे काम आहे: ते दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक किंवा अधिक कल्पित फ्रेम घालते. मधली फ्रेम बनवायची तर पुढची खरी फ्रेम हातात असावी लागते, म्हणून ती थोडी थांबवून ठेवावी लागते. परिणामी हालचाल गुळगुळीत दिसते, फ्रेमचा आकडा दुप्पट दिसतो, पण माउसला मिळणारा प्रतिसाद सुधारत नाही. तो किंचित मंदावतोच. कोणी आपल्या सेटअपवर तीनशे फ्रेम मिळतात असे सांगितले, तर त्यातल्या किती खऱ्या आहेत हे विचारणे उद्धटपणाचे नाही.

जे छायाचित्रात येतच नाही

आता सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळू. उत्तम भागांनी बनलेला संगणक अर्ध्या ताकदीवर चालत असतो आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो, अशी उदाहरणे या छंदात नेहमीचीच आहेत. कारणेही ठरलेली असतात.

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाच्या, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीच्या, पोर्टमध्ये लावलेली असते. कॅबिनेटच्या मागे दोन्हीकडे सारखेच पोर्ट असतात आणि मदरबोर्डाचे वरच्या बाजूला, चटकन हाताशी येणारे असतात. प्रोसेसरमध्ये स्वतःची छोटी ग्राफिक्स चिप असेल तर पडद्यावर चित्र येते, त्यामुळे शंका येत नाही; मात्र गेम त्या छोट्या चिपवरच रखडत चालू शकतो. पाहुण्यांना कौतुकाने दाखवले जाणारे मोठे कार्ड अशा वेळी जवळजवळ रिकामे असते.

दुसरे कारण त्याहून साधे आहे. १४४ किंवा २४० हर्ट्झचा मॉनिटर जोडला तरी तो पुष्कळदा ६० हर्ट्झवरच सुरू होतो. विंडोजमध्ये डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा स्वतः निवडावा लागतो. तिथे मोठा आकडा दिसतच नसेल तर केबलकडे किंवा पोर्टकडे पाहावे. एचडीएमआय या केबलजोडणीच्या मानकाच्या २.० आवृत्तीवर ४के चित्र पूर्ण रंगांसह ६० हर्ट्झपर्यंत जाते; ४केला १२० हर्ट्झ हवे असतील तर २.१ लागते, ज्याची क्षमता सेकंदाला ४८ गिगाबिटपर्यंत आहे, आणि त्यासाठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असे प्रमाणित केलेली केबल घ्यावी. नुसते ‘२.१’ लिहिलेले असणे पुरेसे नाही, कारण त्या मानकातील अनेक सुविधा ऐच्छिक आहेत. संगणकाच्या बाबतीत डिस्प्लेपोर्ट हा दुसऱ्या प्रकारचा पोर्ट सहसा कमी कटकटीचा पर्याय ठरतो.

तिसरे कारण रॅमचे. ६००० असा वेग छापलेली डीडीआर५ रॅम बसवली, तरी मदरबोर्ड तिला आधी ४८०० सारख्या सुरक्षित, प्रमाणित वेगावर चालवतो. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन इंटेलच्या पद्धतीत ‘एक्सएमपी’ आणि एएमडीच्या पद्धतीत ‘एक्स्पो’ हा पर्याय चालू केला की छापील वेग मिळतो. तसेच १६ जीबीची एकच पट्टी लावण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन पट्ट्या योग्य खाचांत लावल्या तर प्रोसेसरला दोन मार्गांनी माहिती मिळते. चार खाचांच्या मदरबोर्डावर दोन पट्ट्यांसाठी बहुधा प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी खाच सांगितलेली असते. तरी खात्रीसाठी मदरबोर्डाची पुस्तिका पाहावी. रंगीत दिवे असलेल्या पट्ट्या छायाचित्रात शेजारीशेजारी छान दिसतात म्हणून पहिल्या दोन खाचांत बसवलेल्याही पाहायला मिळतात, त्याला काय म्हणावे?

या सर्व दुरुस्त्या काही मिनिटांच्या आहेत आणि केबल सोडल्यास त्यांना काहीही विकत आणावे लागत नाही. म्हणूनच सेटअप दाखवणाऱ्याने यादीसोबत हे तीन तपशीलही सांगावेत, असे वाटते.

‘दिवे लावून वेग वाढतो का?’

नाही. पण दिव्यांची टिंगल करणाऱ्यांशीही मी सहमत नाही. ज्या वस्तूसमोर माणूस रोज काही तास बसतो ती त्याला देखणी हवी असेल तर त्यात वावगे काही नाही. फक्त देखणेपणासाठी हवेची वाट अडवू नये.

संगणक घेत असलेली जवळजवळ सर्व वीज शेवटी उष्णताच होते. मोठी ग्राफिक्स कार्डे एकट्याने ३०० वॉटच्या पुढे जातात. २०२२ मधील आरटीएक्स ४०९० ची अधिकृत मर्यादा ४५० वॉट आहे. ही उष्णता कॅबिनेटच्या बाहेर पडली नाही तर चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये ही मर्यादा साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या घरात असते. समोरची बाजू काचेने पूर्ण झाकलेले कॅबिनेट छायाचित्रात आरशासारखे चमकते, पण हवा आत घ्यायला त्याच्याकडे कडेच्या फटीच उरतात. जाळीचा पुढचा भाग असलेले कॅबिनेट तितके लखलखत नाही आणि थंड राहते. पंख्यांची संख्या मोजण्यापेक्षा त्यांची दिशा पाहावी: पुढून किंवा खालून आत, मागून आणि वरून बाहेर. गालिच्यावर ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये खालून हवा ओढणाऱ्या पॉवर सप्लायचे, म्हणजे भिंतीतली वीज संगणकाला पुरवणाऱ्या डब्याचे, तोंडच बंद होते, ही गोष्ट छायाचित्रात स्पष्ट दिसत असूनही क्वचितच कोणी बोलून दाखवते.

‘८० प्लस गोल्ड’ हा शिक्का या पॉवर सप्लायचा. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वीज संगणकाला मिळते आणि किती उष्णता होऊन वाया जाते, एवढेच तो सांगतो. गोल्ड दर्जाला निम्म्या भारावर सुमारे ९० टक्के कार्यक्षमता लागते. म्हणजे संगणकाला ४५० वॉट हवे असतील तर भिंतीतून सुमारे ५०० वॉट घेतले जातात. वीज अचानक वाढल्यास किंवा शॉर्ट झाल्यास तो किती संरक्षण देईल, याबद्दल हा शिक्का काही सांगत नाही.

दिव्यांबाबत एक इशारा मात्र आवश्यक आहे. मदरबोर्डावर दिव्यांच्या दोन प्रकारच्या जोडण्या असतात: १२ व्होल्टची चार पिनांची आणि ५ व्होल्टची तीन पिनांची. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठेवता येतो. ५ व्होल्टचे दिवे जोर लावून १२ व्होल्टच्या जोडणीत बसवले तर ते जळतात.

माउस आणि कीबोर्ड

येथे थोडक्यात आटोपता येईल. साधा माउस सेकंदाला १२५ वेळा आपली जागा कळवतो, म्हणजे ८ मिलिसेकंदांतून एकदा. गेमिंगचा माउस सामान्यतः १००० वेळा, म्हणजे दर १ मिलिसेकंदाला. हा बदल कामाचा आहे. ८००० चा आकडा ०.१२५ मिलिसेकंदांवर नेतो, पण वाचणारा वेळ एक मिलिसेकंदाहूनही कमी, आणि प्रोसेसरवरचे काम वाढते ते वेगळेच. डीपीआयचा, म्हणजे माउस एक इंच सरकल्यावर किती पावले मोजतो त्याचा, मोठा आकडा गुणवत्ता सांगत नाही. तो माउस किती संवेदनशील करता येतो एवढे सांगतो, आणि बहुतेक खेळाडू त्या कमाल आकड्याच्या जवळपासही जात नाहीत. मेकॅनिकल कीबोर्डमधील स्विच साधारण ४ मिलिमीटर दाबला जातो व निम्म्या वाटेवर संदेश पाठवतो. लाल, तपकिरी आणि निळे हे त्याचे रूढ प्रकार अनुक्रमे सरळ दाबले जाणारे, मध्ये हलका टप्पा जाणवणारे आणि टकटक आवाज करणारे. यांतून निवड ही आवडीची बाब आहे. मात्र निळे स्विच घेण्यापूर्वी त्याच खोलीत झोपणाऱ्या माणसाचे मत घ्यावे.

टेबलासमोर बसणारा माणूस

छायाचित्रात माणूस नसतो, त्यामुळे मांडणी त्याच्या शरीराला जुळते की नाही हे झाकले जाते. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली असावी, पडदा साधारण हातभर अंतरावर असावा, कोपर जवळपास काटकोनात राहून मनगट सरळ राहावे आणि पाय जमिनीवर पूर्ण टेकावेत. देखण्या सेटअपांमध्ये या नियमांचा भंग कसा होतो हे पाहण्यासारखे आहे: एका मॉनिटरवर दुसरा चढवलेला असतो आणि वरचा पाहायला मान मागे टाकावी लागते, किंवा टेबल इतके अरुंद असते की ३४ इंची पडदा नाकासमोर येतो. वक्र मॉनिटरवरचा ‘१०००आर’ हा आकडा वक्रतेची त्रिज्या मिलिमीटरमध्ये सांगतो, म्हणजे तो पडदा एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा आहे.

मॉनिटरच्या आर्मचा, म्हणजे टेबलाच्या कडेला बसवून पडदा पेलणाऱ्या दांड्याचा, उपयोग इथे होतो, कारण त्याने पडद्याची उंची आणि अंतर दोन्ही बदलता येतात व खालची जागाही मोकळी होते. मॉनिटरच्या पाठीवर ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतराच्या चार छिद्रांचा चौकोन आहे का, हे आधी पाहावे. आर्मचा शिकंजा सगळे वजन टेबलाच्या कडेवर आणतो, म्हणून काचेच्या किंवा पोकळ फळीच्या टेबलाला तो लावू नये.

पूर्ण अंधारात लखलखीत पडदा पाहणे डोळ्यांना त्रासदायक असते, कारण पडदा आणि भोवताल यांच्यातील फरक फार मोठा होतो. मॉनिटरच्या मागे भिंतीवर पडणारा सौम्य पांढरा दिवा हा फरक कमी करतो. त्याच जागी गडद जांभळा दिवा लावला तर छायाचित्र खुलते, पण पडद्यावरचे रंग नजरेला बदललेले भासू लागतात. आणखी एक जुना नियम: दर २० मिनिटांनी २० सेकंद सुमारे २० फुटांवर पाहावे. पडद्याकडे एकाग्र होऊन पाहताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात, त्यावर हा उतारा आहे.

छायाचित्र कसे खोटे बोलते आणि काय सांगून बसते

मोबाइलच्या वाइड लेन्सने काढलेल्या छायाचित्रात टेबल आहे त्यापेक्षा लांब आणि खोली प्रशस्त दिसते. अंधारात कॅमेरा प्रकाश जास्त वेळ आत घेतो, त्यामुळे प्रत्यक्षात मिणमिणणारी पट्टीही भिंत उजळून टाकते. वायरी काही वेळा खरोखर टेबलाखालच्या ट्रेमध्ये बांधलेल्या असतात, काही वेळा छायाचित्रापुरत्या काढून ठेवलेल्या असतात. मॉनिटर चालू असून त्याला एकही वायर दिसत नसेल तर ती आर्मच्या आतून किंवा भिंतीतून गेली आहे का, ते शोधावे. अलीकडे सगळ्या जोडण्या पाठीमागच्या बाजूला असलेले मदरबोर्डही निघाले आहेत, त्यामुळे कॅबिनेटची काचेची बाजू वायरींविना स्वच्छ दिसणे आता पूर्वीएवढे अवघड राहिलेले नाही.

स्वतःचा सेटअप दाखवणाऱ्यासाठी अधिक गंभीर बाब वेगळी आहे. नुसते टेबल दाखवण्यासाठी काढलेल्या छायाचित्रात राउटरवरचा स्टिकर येतो आणि त्यावर वाय-फायचे मूळ नाव व पासवर्ड छापलेला असतो. मागे रचलेल्या खोक्यांवर वस्तूंचे अनुक्रमांक असतात, एखाद्या खोक्यावर घराचा पत्ता चिकटवलेला असतो, पडद्यावर उघड्या असलेल्या खिडकीत ईमेल दिसतो आणि कॅबिनेटच्या काचेत छायाचित्र काढणाऱ्याचा चेहरा. आजच्या कॅमेऱ्यांची स्पष्टता अशी आहे की चित्र मोठे केले तर हे सारे वाचता येते. शिवाय मोबाइलमध्ये स्थान नोंदवण्याची सोय चालू असेल, तर छायाचित्राच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश लिहिले जातात. अनेक समाजमाध्यमे प्रसिद्ध करताना ही नोंद काढून टाकतात, पण तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने पाठवली तर नोंद सहसा तशीच जाते. महागड्या उपकरणांचे छायाचित्र आणि ती उपकरणे ठेवलेल्या घराचे अचूक ठिकाण एकाच फाइलमध्ये असणे कोणालाच परवडणारे नाही.

म्हणून छायाचित्र काढण्याआधी कॅमेऱ्यातील स्थानाची नोंद बंद करावी, पडद्यावर कोरा वॉलपेपर ठेवावा, राउटर व खोकी चौकटीबाहेर सरकवावीत आणि काढलेले छायाचित्र पाठवण्यापूर्वी एकदा पूर्ण मोठे करून कोपऱ्याकोपऱ्यातून तपासावे. मॉनिटरवर आडवे काळे पट्टे उमटत असतील तर शटरचा वेग कमी करून पाहावा. पडद्याच्या प्रकाशाची लय आणि शटरची वेळ जुळत नसल्याने ते येतात, मॉनिटर बिघडल्याने नव्हे.